राईच्या बांधाचा अर्ज

११ डिसेंबर १९३५, बुधवार

भाईंदरच्या डॉक्टरांनी महिनाभर घसा बंद ठेवायला सांगितलं आहे. पंधरा वर्षं ज्याने बोलण्याखेरीज दुसरं काही केलं नाही त्याने महिनाभर करायचं काय? म्हणून ही वही.

पाच वर्षांपूर्वी मी उभा राहिलो की राई, मुर्धे, मोरवे, तिन्ही गावं जमत. गेल्या रविवारी नऊ माणसं होती. त्यांतली दोन झोपली होती आणि एक माझ्या चपलांवर बसला होता. मी स्वराज्यावर दीड तास बोललो. उतरलो आणि तिथेच पायरीवर बसलो. पूर्वी अशा वेळी अंगात वीज असायची. आता नुसता थकवा असतो.

शाळेची नोकरी तीस साली गेली. मीठ उचललं म्हणून नऊ महिने नाशिकच्या तुरुंगात काढले. तेव्हापासून हौसाताईकडे जेवतो. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, विधवा. खाडीच्या बांधाला लागून तिचं भाताचं शेत आहे, त्यावर आम्हा दोघांचं पोट.

आज ती शेतातून आली, पदराच्या टोकाला बांधून आणलेल्या मातीची चिमूट तिने जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"अजून खारट," म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

सलग दोन वर्षं श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड पडली. खाडी शेतात शिरली. एकदा खारं पाणी शिरलं की पुढचे दोन पावसाळे जमीन धुवावी लागते, तेव्हा कुठे भात धरतो. तिसऱ्या वर्षीही खांड पडली तर राईची दीडशे एकर जमीन संपलीच. मिठागराचा मुकादम रोज फेरी मारतो. "पावसाआधी अंगठे द्या. मिठागर करू, तुम्हांलाच कामावर ठेवू," असं गोड बोलतो. निम्मं गाव तयार आहे. ताईने अजून अंगठा दिलेला नाही.

१५ डिसेंबर, रविवार

पास्कल आला होता. ख्रिस्ती पाड्यातला, माझा लहानपणचा सोबती. त्याची होडी आहे आणि ताईच्या शेताला लागून शेत आहे. रविवारची प्रार्थना आटपून परस्पर इकडेच आला. ग्रामसुधारणेसाठी सरकारने पैसा काढलाय, असं पाद्रींनी सांगितलं म्हणे. गावाने तिसरा हिस्सा अंगमेहनतीने द्यायचा, बाकी सरकार देणार. अर्ज ठाण्याला करायचा.

"मग करा की," मी म्हणालो.

"लिवनार कोन? तूच."

मी सांगितलं, या सरकारपुढे मी हात पसरणार नाही. ज्या हाताने मीठ उचललं त्याच हाताने अर्ज लिहू?

पास्कलने विडी विझवली. "तीस साली मिठासाठी तुरुंगात गेलास. आता मीठ घरापर्यंत चालत आलं, तं नको बोलतंस! तुझं काय ते एकदा ठरव."

ताई आतून म्हणाली, "त्याचं ठरंल. त्याला आदी दोन दिस भांडू दे."

तिला मी किती वेळा सांगितलं, माझ्या विचारांची अशी थट्टा करू नकोस.

१७ डिसेंबर

ठरलं. सरकारचा पैसा म्हणजे आपलाच कर. आपलाच पैसा परत मागायला लाज कसली? हे मला रविवारीच सुचायला हवं होतं.

२० डिसेंबर, शुक्रवार

अर्ज पुरा झाला. अकरा पानं. हॉलंडपासून सुरुवात केली आहे. तिथल्या लोकांनी समुद्र मागे रेटून देश कसा उभा केला ते दोन पानं. मग मराठी अमदानीतले पाटबंधारे, मग आयर्लंड, मग लोकशक्तीचं स्वरूप. नवव्या पानावर राई येते. शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक' लिहायचं होतं. पाऊण तास लेखणी पुढे जाईना. नुसतं 'आपला' लिहिलं.

ताईला वाचून दाखवला, हळू आवाजात. ती तांदूळ निवडत होती. हॉलंड संपल्यावर तिने मान वर केली.

"त्यांचा बांध झाला ना?"

"झाला. तीनशे वर्षांपूर्वी."

"मग त्यांच्यासाठी कशाला मागतंस? आपला मागून घे."

९ जानेवारी १९३६, गुरुवार

काल ठाण्याला जाऊन आलो. दादरला गाडी बदलून जायचं, तोच रस्ता परतीला. अंग मोडून आलंय.

कचेरीतल्या कारकुनाने अकराच्या अकरा पानं वाचली, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाला, "मास्तर, हे छापलंत तर मी विकत घेईन. पण अर्ज म्हणून घेता येत नाही." त्याने एक छापील फॉर्म दिला. काम कोणतं, किती लांब, किती एकर, किती घरं, गाव किती हात देणार, पुढची डागडुजी कोण करणार. प्रत्येक प्रश्नापुढे बोटभर जागा. बोटभर जागेत मनुष्य काय सांगणार?

फॉर्मवर अर्जदार म्हणून माझं नाव लिहायला घेतलं तर त्याने हात आडवा केला. "तुम्ही शिक्षा झालेले. तुमचं नाव असेल तर कागद वर जाणारच नाही. गावच्या बांध-कमिटीवरही नको. तुमच्या भल्यासाठी सांगतो."

गाडीत मी उभा होतो की बसलो होतो तेही आठवत नाही. ज्या गोष्टीचा मला आयुष्यात अभिमान वाटला ती एकच, आणि तिच्यामुळेच माझं नाव गावच्या कागदाला चालत नाही.

ताईला म्हटलं, मी यातून बाहेर पडतो.

"नाव नको बोल्ला का हात नको बोल्ला?"

"नाव."

"मग लिव. नाव पास्कलचं घाल."

१८ जानेवारी, शनिवार

फॉर्म पाठवला. अर्जदार पास्कल आणि गावचे दोघे. 'गाव किती हात देणार' पुढे मी लिहिलं, 'सारा गाव उभा राहील.' यापेक्षा नेमकं काय असतं?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाहणी झाली. घसा पार फाटलाय, पण आज लिहिलंच पाहिजे. किती महिन्यांनी आपण काही केलं असं वाटतंय.

माघी पौर्णिमेला साहेबांना बोलावून घ्यायचं, हा आग्रह पास्कलचा. खोपकर म्हणून अधिकारी, वयस्कर, शांत. साडेअकराला टांगा आला. पास्कलचं म्हणणं होतं की थेट बांधावर न्या. मी म्हटलं, पाहुण्याला उन्हातून चिखलात ढकलायचं, ही कुठली रीत? आधी शाळेत बसवलं. हार, शहाळं, पोहे. मग मी उभा राहिलो. कमिटीवर नसलो तरी बोलायला बंदी नाही!

एक तास चाळीस मिनिटं बोललो. डॉक्टरांनी मना केलं होतं, पण शब्द आपोआप येत होते. खोपकर एकदाही उठले नाहीत. मधे एकदा त्यांनी विचारलं, "बांध किती लांब आहे इथून?" मी म्हणालो, "साहेब, बांध कुठे पळून जात नाही. आधी त्याच्यामागची माणसं समजून घ्या." टाळ्या पडल्या. पाच वर्षांत राईत अशा टाळ्या पडल्या नव्हत्या.

एका गोष्टीचा मात्र खेद वाटला. आपल्या माणसांना ऐकायची सवयच उरलेली नाही. ताई दारात उभी राहून एकसारखी खोकत होती. तिला सर्दी झाली असावी. पास्कल तीनदा उठून बाहेर गेला आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. सभेत असं येतात का? मी बोलत असतानाच तो मोठ्याने म्हणाला, "पुरे आता, रामनाथ." मी तिकडे लक्ष दिलं नाही.

अडीचनंतर आम्ही बांधावर पोचलो. साहेबांनी खांड पडलेली जागा पाहिली, खाडीकडे पाहिलं, वहीत काही लिहिलं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "फार वाचन आहे तुमचं." मला वाटतं, काम झालं.

पास्कल टांग्यापर्यंतही आला नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नामंजूर.

'पाहणीच्या वेळी खाडीचे पाणी बांधाच्या माथ्यापासून सुमारे पाच फूट खाली होते. बांधास निकडीचा धोका दिसून येत नाही. गावाच्या हिश्शाबाबत मजकूर मोघम आहे.'

पौर्णिमेचं पाणी पाच फूट खाली? खोटेपणाला काही सीमा! मी ताबडतोब वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसलो. 'राईच्या माथी असत्य' असा मथळाही सुचला.

ताई समोर येऊन उभी राहिली. ती माझ्यासमोर उभी राहून कधी बोलत नाही, कामात असतानाच बोलते.

"खोटं न्हाय त्ये. उधानाचं पानी पाऊन वाजता भरतं. माथ्याला टेकलं व्हतं. तू बोलत व्हतास आनि पानी उतरत व्हतं. मी दारातनं खोकून खोकून मेली. पास्कल बगून येई, एक हात उतरलं, दोन हात उतरलं. तू आपला त्या हालंडातच."

मी म्हणालो, "मला सांगायचं होतं."

"तुला? बोलताना?"

पत्र फाडलं.

२३ फेब्रुवारी

मुकादम आज दोन घरांत जाऊन बसला होता. ताईकडेही आला. तिने त्याला पाणी दिलं. पूर्वी देत नव्हती.

दिवसभर मी कोणाशी बोललो नाही. डॉक्टर खूश होतील.

३ मार्च, मंगळवार

गेल्या आठवड्यात कारकुनाचं पत्र आलं. माणूस सरकारचा असला तरी बरा आहे. लिहितो, मार्चअखेरपर्यंत रक्कम वाटायची आहे, दुसरा फॉर्म धाडा, या खेपेस आकडे द्या, पाहणीला दुसरा मनुष्य पाठवायची तजवीज करतो.

पास्कलकडे गेलो. तो जाळं विणत होता. मी फॉर्म पुढे ठेवला. तो म्हणाला, "भाषन असंल तं न्हाय." मी म्हणालो, "भाषण नाही. नुसते आकडे." मग त्याने बसायला फळी दिली.

घरोघर फिरतोय. दर घरी एकच प्रश्न, बांधाच्या कामाला किती माणसं देणार? चार दिवस झाले, गुडघे सुजलेत. जन्मभर या लोकांना 'बंधूंनो' म्हणत आलो आणि कुणाच्या घरात माणसं किती ते आज कळतंय. एकसष्ट पुरुष झाले. ताईला वाचून दाखवलं.

"आनि बायका?"

"फॉर्ममध्ये मजूर विचारलेत."

"गेल्या सालची खांड कोनी भरली? आमी काय टोपलीतनं फुलं न्हेत व्हतो? मान गेली माजी."

पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. सहासष्ट बायका. एकसष्ट पुरुष म्हणालो होतो त्यांतले नऊ जण, ताईच्या मते, कामाच्या दिवशी दिसणारच नाहीत. ते काढले. एकशे अठरा.

१० मार्च, मंगळवार

फॉर्म रवाना. एक पान, तेही पुरतं भरलेलं नाही. एकशे अठरा माणसं, दर माणशी बारा दिवस. दीडशे एकर, चौऱ्याहत्तर घरं, खांड सत्तावीस हात. एकही विशेषण नाही. असलं काही मी लिहिलंय हे कोणाला खरं वाटणार नाही, आणि सुदैवाने त्यावर माझं नावही नाही. 'आज्ञाधारक सेवक' लिहिलं. लेखणी अडली नाही. याचं जास्त वाईट वाटलं.

यासाठीच वाचलं का इतकं? आयुष्यभर सांगत आलो की शब्दाने माणूस उठतो. बांधावर तर शब्दाने पाणी उतरलं.

२३ मार्च, सोमवार

थकून पडलोय, तरी क्रमाने लिहितो.

आज अमावस्या. पाणी साडेबाराला माथ्याला येणार, म्हणून साहेबांना बाराची वेळ कळवली होती. नवा साहेब भरूचा, पारशी, तरुण इंजिनिअर. गावाचा ठराव असा की त्यांना थेट बांधावर न्यायचं, कोणी तोंड उघडायचं नाही, आणि मी गांधीटोपी घालायची नाही. शेवटचं कलम ताईचं. "टोपी बगितली की सायब लोक कान मिटतात." टोपीच काय, सकाळी सदराही काढून ठेवला. ताईबरोबर सहापासून बांधावर होतो. खेकड्यांनी बांधाला बिळं पाडलीत, ती चिखलाने बुजवत होतो. धोतर वर खोचलेलं, कोपरापर्यंत राड. बोलायचं नसेल तर निदान हे तरी.

साडेआठला टांगा दिसला.

पास्कल धावत आला. "साडेतीन तास आदी आला! बाराला घोडबंदरला जायचाय बोलतो!"

खाडी तळाला गेलेली. नुसता चिखल. भरूचा बूट सावरत बांधावर चढले, चौफेर पाहिलं. "पानी किधर छे?" म्हणाले. "आ तो पूरा सुका हाय. चालो, मापून घेतो, अर्ध्या तासात खलास."

पास्कल माझ्याजवळ सरकला. "रामनाथ, बोल."

"मी बोलणार नाही. ठरलंय."

"अरे, पानी यायचं हाय! साडेबारापरयंत कोन धरनार त्याला? गावात दुसऱ्या कोनाला येतं का इतका वेळ बोलायला? बोल बाबा. काय पन बोल."

एवढ्या वर्षांनी माझ्या वक्तृत्वाची किंमत ही. दाराला अडणा लावतात तसं मला लावायचं. हसावं की रडावं कळेना. ताईने चिखलाचा हात माझ्या पाठीवर ठेवून पुढे ढकललं.

पण बोलणार काय? हॉलंड शक्य नव्हतं. हॉलंडने एकदा बुडवलंय. लोकशक्ती वगैरे ओठांवर येईना. समोर बांध होता, म्हणून बांधाच्या टोकापासून सुरुवात केली, नुसता वेळ काढायला.

राईचा बांध घरोघर वाटलेला आहे. ज्याचं जेवढं शेत तेवढ्या हातांचा वाटा, तो त्याने राखायचा. "हा पहिला वाटा माझ्या बहिणीचा, साहेब," मी म्हणालो. "बावीस हात. इथे नवऱ्याचं फुटकं जातं पुरलंय तिने, दगड नव्हता म्हणून. हा पुढचा पास्कलचा. यात त्याच्या बापाची जुनी होडी आहे. एकवीस सालच्या खांडीत दुसरं काही सुचेना, तेव्हा त्याने होडीच आडवी घालून वर माती ओढली. अजून धरून आहे. हा वाटा एका म्हातारीचा, तिच्या घरी पुरुष नाही, तिची सून रोज चार टोपल्या टाकते." असं एकेका घराचं सांगत गेलो, दहा पावलं चालायचं आणि थांबायचं. चार दिवस घरोघर फिरलो होतो म्हणून हे तरी ठाऊक होतं. ही काय बोलण्याची गोष्ट! बायका पाणवठ्यावर बोलतात तसलं बोलणं.

वेळ सरेना. मग सांगू नये तेही सांगून बसलो. दोन सख्ख्या भावांचे वाटे जिथे मिळतात तिथे मी थांबलो. "इथेच दोन्ही वर्षं खांड पडली," म्हटलं. "थोरला आपल्या खुणेपर्यंत चोपतो, धाकटा आपल्या खुणेपासून. मधली हातभर माती कोणाचीच नाही. तशा जागा बांधावर खूप आहेत. पाणी कोणाच्या वाट्यात शिरत नाही, साहेब. दोन वाट्यांच्या मधे शिरतं."

भरूचा थांबले. "फरीथी बोलो."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी वही काढली. अशा जागा किती ते विचारलं, मी एकेक दाखवत गेलो, ते वाकून पाहत आणि लिहीत गेले. गावातली भांडणं मी सरकारच्या वहीत भरत होतो! पण पास्कल मागून खुणा करत होता, चालू ठेव. घोडबंदरची गोष्ट साहेबांनी पुन्हा काढली नाही.

साडेअकराला चिखलावर पाण्याची जीभ आली. बाराला बांधाच्या पायथ्याशी. मग मात्र भराभर चढलं. साडेबाराला माथ्याला वीतभर राहिलं आणि भावांच्या वाट्यांमधून आतल्या बाजूला झिरपू लागलं. भरूचांनी बूट काढले, त्या जागी अनवाणी उभे राहिले आणि पायांखालची माती हलतेय की काय ते पाहिलं. नंतर पास्कलने त्यांना होडीत घेऊन खाडीच्या अंगाने उघाडीचा, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचा, दरवाजा दाखवला. ते दोघं होडीत बराच वेळ होते.

मला जाताना म्हणाले, "काका, पानी पिओ. गला बैठ गया तुमारा."

काका! नाव विचारायचीही गरज वाटली नाही.

२४ मार्च, गुढीपाडवा

आवाज पूर्ण गेलाय. ताईने हळदीचं दूध दिलं. त्या दोन भावांतला थोरला दारावरून गेला, माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याचं बरोबर आहे.

३१ मार्च

काही नाही. मुकादम अंगठ्यांचे कागद घेऊन आला होता. पाच घरांनी दिले. ताईने "आठ दिस थांब" म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी काय करणार, ते मी विचारलं नाही.

८ एप्रिल, बुधवार

मंजूर!

पास्कल कागद घेऊन पळत आला. त्याला वाचता येत नाही, पण लाल शिक्का पाहून त्याला कळलं होतं. मी ओटीवर उभा राहून वाचला. अंगणात वीसेक माणसं जमली. काम पावसाआधी संपवायचं, गावाने एकशे अठरा माणसं द्यायची, बांध सलग चोपायचा. ताई मधेच आत गेली आणि बराच वेळ आली नाही. बाहेर आली तेव्हा मुकादम ठेवून गेलेला अंगठ्याचा कोरा कागद तिच्या हातात होता. तिने तो चुलीत घातला नाही की फाडला नाही. नीट घडी केली आणि पाटाच्या डगमगत्या पायाखाली सारली.

पण कागदातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ते मी मोठ्याने वाचलं नाही. इथे उतरून ठेवतो.

'अर्जातील मजकूर त्रोटक असून त्यावरून परिस्थितीची पुरेशी कल्पना येत नाही. तथापि, तेथील एका जुन्या शेतकऱ्याने जागेवर दिलेली माहिती अत्यंत उपयुक्त व विश्वसनीय वाटल्यावरून शिफारस करण्यात येत आहे.'

अर्ज माझा. आधी लांब म्हणून परत आला, आता त्रोटक. लागलं मनाला, खोटं का लिहू? जे मी दोन फॉर्म, अकरा पानं आणि एक फाटलेला घसा एवढ्यातून सांगू शकलो नाही ते एका अडाणी शेतकऱ्याने उभ्याउभ्या सांगितलं. माझ्या आयुष्याचा यापेक्षा स्पष्ट निकाल कोणता?

पण राग धरण्यात अर्थ नाही. मोठेपणा दिला पाहिजे. संध्याकाळी ताईला घेऊन पास्कलकडे गेलो आणि त्याला मिठी मारली.

"होडीत काय सांगितलंस रे साहेबाला?"

"मी? मी बोल्लो, सायब, मदी बसा, होडी कलंडंल."

"एवढंच?"

"त्यो वहीतच लिवत व्हता. मी कशाला बोलू?"

मग मी ते वाक्य त्याला वाचून दाखवलं. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, मग ताईकडे पाहिलं. ताई पदर तोंडात धरून खाली बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. पास्कल खाडीकडे तोंड करून उभा राहिला, तोही हसत होता. आनंदाने माणसं अशी वेडी होतात.

"जुना शेतकरी!" ताई म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

त्या दोघांना तो कोण ते ठाऊक असावं, पण सांगेनात. मला तर तो माणूस त्या दिवशी बांधावर कुठे दिसलाच नाही. मी बोलत होतो, तेव्हा दिसणार कसा? पण असा माणूस गावात आहे, आणि इतकी वर्षं मी त्याला एकाही सभेत बोलू दिलं नाही, याची लाज वाटते.

उद्या घरोघर जाऊन विचारणार आहे. सापडला की पहिलं काम, त्याला कमिटीवर घ्यायचं. माझी जागा रिकामीच आहे.